दोन्ही बाजूंचे मिळून अकरा

मामा वाचला.

हे वाक्य खरं तर बरंच खाली यायला हवं होतं, चुकून वर आलं. तेव्हा तुम्ही ते वाचलं नाहीत आणि मी ते लिहिलं नाही. मामा वाचला वगैरे काही झालेलं नाही. उलट त्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर, साधारण सव्वातीनला, छातीत भाला घुसून मामा मरणार होता आणि तसं वहीत शाईने लिहिलेलं होतं. आपण तिथून सुरुवात करू.

मरणं हा मामाचा धंदा. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. वय अठ्ठावन्न, मिशी स्वतःची, गुडघे नावापुरते. गेली एकतीस वर्षं तो जुन्या लढायांच्या सिनेमांत गर्दीतला सैनिक म्हणून काम करतो. बाणाने मेला, भाल्याने मेला, उकळत्या तेलाने मेला, हत्तीखाली मेला. एकदा किल्ल्याचा दरवाजाच अंगावर पडून मेला, आणि तो दरवाजा पडायचा नव्हता. एका सिनेमात तर तो एकाच लढाईत दोन्ही बाजूंनी मेला. सकाळी आपल्या राजासाठी, दुपारी टोप बदलून शत्रूच्या राजासाठी. नीट पाहिलं तर सकाळच्या मामाला मारणारा माणूस दुपारचा मामाच आहे. घरात याबद्दल कुणी बोलत नाही.

पण मरावं तर मामाने. बाकीचे नुसते पडतात. मामाला आधी आश्चर्य वाटतं, मग कसलीतरी आठवण येते, मग तो पडतो. त्या आठवणीपाशी थेटरात बायका डोळे पुसतात. मरताना नक्की काय आठवतं, असं मी त्याला एकदा विचारलं.

“गॅस बंद केला का,” मामा म्हणाला.

अडचण घरी होती. मामाला एक नात आहे, पाच वर्षांची. तिला घरात फौजदार म्हणतात. मागच्या वर्षी टीव्हीवर तिने आजोबांना हत्तीखाली जाताना पाहिलं. त्या वेळी आजोबा तिच्या शेजारीच शेंगा सोलत बसले होते. ती रडली नाही. तिने टीव्हीकडे पाहिलं, शेंगा सोलणाऱ्या माणसाकडे पाहिलं, आणि हे नवीन आहेत असं ठरवून टाकलं. तेव्हापासून ती मोजते. टीव्हीवर एक आजोबा गेले की घरात पुढचे येतात. सध्या नववे चालू आहेत. पहिल्या आजोबांना ती ‘ए आजोबा’ म्हणायची. नवव्यांना ‘अहो’ म्हणते, पाणी हवं का विचारते, आणि मांडीवर बसत नाही.

“अगं, बस की,” मामी म्हणाली एकदा.

“कशाला? हे पण जातील.”

मामाने समजावून पाहिलं. रबराचा भाला घरी आणून दाखवला, वाकवून दाखवला. फौजदारबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. “त्यांचाच ना हा?” तिने विचारलं. “जपून ठेवा.”

मामा तो भाला घेऊन गॅलरीत जाऊन बसला तो जेवायलाच आत आला.

गुडघ्यांमुळे हा त्याचा शेवटचा सिनेमा होता, आणि त्याला एकच गोष्ट हवी होती. पैसा नको, सत्कार नको. सिनेमा संपताना आपण पडद्यावर उभे दिसलो पाहिजे, जिवंत, आणि ते नातीने बघितलं पाहिजे. “भाच्या,” तो मला म्हणाला, “तुझ्या त्या दगडात बघ ना जरा, माझं काही जमतंय का.”

दगडाचं असं आहे. ज्या लढाईवर हा सिनेमा चालला होता, त्या लढाईबद्दल जगात एकच पुरावा आहे. नदीकाठचा एक उभा दगड. बाराशे वर्षं जुना, कमरेएवढा, नऊ ओळींचा. तो वाचू शकणारी माणसं दोन. एक मी, कारण माझा एम.ए.चा प्रबंध त्यावरच आहे, आणि दुसरे माझे सर. सरांना आता चष्म्याशिवाय दगडच दिसत नाही.

निर्मात्यांनी आधीच्या सिनेमात हात पोळून घेतले होते. त्यात एक वीर राज्यासाठी प्राण देतो आणि कॅमेरा हळूहळू त्याच्या पाठीमागे जातो. पाठीवर चिलखताची चेन दिसते. चेन म्हणजे पँटला असते ती. लोक त्या बलिदानाला शिट्ट्या मारत हसले. म्हणून या वेळी सिनेमाच्या सुरुवातीला एक दाखला झळकणार होता: ‘या चित्रपटातील लढाई उपलब्ध पुराव्याशी तंतोतंत जुळते.’ खाली तज्ज्ञाची सही. सरांनी नकार दिला, म्हणून तज्ज्ञ मी.

काम सोपं होतं. चूक दिसली की गुलाबी चिठ्ठीवर लिहायची, आणि दिग्दर्शकाने ती वाचून सही करायची. पहिल्या आठवड्यात माझ्या चाळीस चिठ्ठ्या झाल्या.

“चामड्याच्या म्यानातून तलवार काढताना ‘खण्ण’ होत नाही?” दिग्दर्शक चिठ्ठी नाकाजवळ धरून म्हणाला. “मग काय होतं?”

“चप्पल काढल्यासारखं होतं.”

जळते बाण हवेत विझतात, हे त्याने मान्य केलं. मागच्या शेतात टोमॅटो आहेत आणि बाराशे वर्षांपूर्वी इकडच्या कुणी टोमॅटो पाहिलेला नव्हता, हेही मान्य केलं. माणसं पाठवून टोमॅटो तोडले. झाडं राहिली. झाडंही नव्हती, मी म्हणालो. नायक मात्र अडून बसला. लढताना टोप काढायचा नाही म्हणजे काय?

“टोप घातला तर मी कोण हे कळणार कसं?”

“शत्रूलाही कळणार नाही,” मी म्हणालो. “टोप त्यासाठीच असतो.”

एकेचाळिसावी चिठ्ठी चिलखतांची. चंदेरी रंग दिलेलं प्लास्टिक बाद करून मी सात थरांच्या सुती गोधडीसारखे जाड अंगरखे करायला लावले. आत कापूस, वर दाट टाके. त्या काळी खरोखरच असं असायचं. शिंपीकाकांनी तीनशे अंगरखे शिवले आणि माझ्याशी बोलणं सोडलं.

मग बेचाळिसावी चिठ्ठी. ती घेऊन मी स्वतः तंबूत गेलो. दिग्दर्शक नकाशावर प्यादी मांडून बसला होता, शेजारी फाइट मास्टर चहात बिस्कीट बुडवत होता.

“मृतांचा आकडा चुकलाय,” मी म्हणालो.

“किती लिहिलेत दगडावर?”

“अकरा.”

“अकरा हजार! बघ मास्टर, आपण चारच धरलेत. मी म्हणत नव्हतो?”

“अकरा माणसं.”

फाइट मास्टरचं बिस्कीट चहात पडलं.

“आपल्या बाजूची ना?” दिग्दर्शकाने विचारलं.

“दोन्ही बाजूंची मिळून.”

“चाळीस घोडे,” दिग्दर्शक बोटांवर मोजत म्हणाला, “दोन क्रेन, तीनशे माणसं, आणि मरणार अकरा? अरे, एका बसमध्ये मावतील!”

“मिनीबसमध्ये,” फाइट मास्टर म्हणाला.

“बरं, अठराशे करू.”

“दगडावर घासाघीस नसते.”

“पाचशे. शेवटचं. पाचशे आहेत का साडेचारशे, कोण बघायला बसलंय?”

“मी,” मी म्हणालो. “अकरा नसतील तर सही नाही.”

यात इतिहासाचा वाटा बारा आणे होता आणि मामाचा चार आणे, हे कबूल करतो. तीनशेत अकराच मरायचे म्हटल्यावर मामाला काय धोका? मी कागदावर मांडूनही पाहिलं होतं. मामा मरायची शक्यता शेकडा चारसुद्धा भरत नव्हती. गणितात मी कच्चा आहे हे दुसऱ्या दिवशी कळलं.

दिग्दर्शक तंबूतून निघून गेला. नदीकाठी फेऱ्या मारताना दिसला. अर्ध्या तासाने परत आला तेव्हा त्याचे डोळे लकाकत होते, आणि दिग्दर्शकाचे डोळे लकाकले की बाकीच्यांनी जपून राहावं.

“अकरा मरणं!” तो म्हणाला. “एकेकाला चेहरा. एकेकाला तीन तीन मिनिटं. चार हजार मेले तर लोक पॉपकॉर्न खातात. अकरा मेले तर घास गिळता येणार नाही कुणाला! तू तर हिरा आहेस रे.”

मी हिऱ्यासारखा चालत मामाकडे गेलो आणि तू सुटलास म्हणून सांगितलं. मामाने मला मिठी मारली. अंगरख्यामुळे आमचे हात एकमेकांभोवती पुरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रगुप्तबाईंनी यादी लावली. या बाई म्हणजे दिग्दर्शकाच्या सहायक. कोण कधी आणि कशाने मेला याची वही त्या ठेवतात, म्हणून नाव चित्रगुप्त. मेलेल्याच्या डाव्या मनगटाला त्या लाल फीत बांधतात, म्हणजे तो पुढच्या शॉटमध्ये उठून हिंडणार नाही. फीत बांधलेला माणूस चहा प्यायलाही कॅमेऱ्याच्या मागून जातो. यादीत अकरा नावं होती. अकरावं, सगळ्यात शेवटचं, नायकाच्या समोर, छातीत भाला: मामा.

“मॅडम, हे चुकलंय,” मी म्हणालो.

“काय चुकलंय?”

“तीनशेतून नेमका मामाच का?”

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “या तीनशेत सगळ्यात चांगलं मरतं कोण? तूच सांग.”

“मामा,” मी म्हणालो. खोटं कसं बोलणार? मरण चार हजार असताना त्याला कुणी विचारत नव्हतं. मी ते अकरावर आणलं आणि त्याची चढाओढ लागली.

त्यातच उरलेल्या दोनशे एकोणनव्वद जणांचं शिष्टमंडळ आलं. पुढे एक टकलू, बावीस वर्षं अनुभव.

“साहेब, तुम्ही आमचं मरण काढून घेतलंत.”

“म्हणजे तुम्ही जगणार. चांगलंच आहे की.”

“चांगलं काय? पडायचं म्हटलं तर डोळे झाकून पडतो. आता दिवसभर उभं राहायचं. उभं राहून करायचं काय?”

“काही नाही. लढाईत बहुतेक लोक नुसते उभेच असायचे.”

“आणि हात?” मागून एकजण ओरडला. “हात कुठे ठेवायचे?”

याला दगडात उत्तर नव्हतं.

मामा त्याचा कागद घेऊन मेकअपच्या खोलीत बसला होता. तीन मिनिटं, पूर्ण चेहरा, नायक गुडघ्यावर बसून त्याचं डोकं मांडीवर घेतो. कागद तो दोन्ही हातांनी धरून होता, लग्नपत्रिका धरावी तसा.

“एकतीस वर्षांत माझा चेहरा पहिल्यांदा असा जवळून दिसणार रे,” तो म्हणाला. “आणि तेही आत्ताच व्हायचं होतं.”

“नाही म्हणून टाक.”

“मरणाला नाही म्हणायचं नसतं आपल्यात. उद्या दुसऱ्याने हे मरण पार पाडलं तर मामाने सोडलेलं काम म्हणतील.” थोडं थांबून त्याने आवाज खाली आणला. “वय दिलंय का रे दगडात? तरणे अकरा, असं काहीतरी?”

“नाही दिलेलं.”

“नीट बघ.”

“मामा, नऊ ओळी आहेत. किती नीट बघू?”

“असू दे मग. घरातल्या एकाने तरी खरं काम करावं.” त्याने कागदाची घडी घालून टोपात ठेवली. “फौजदारला सांगून ठेवावं लागेल. दहाव्यांची तयारी कर म्हणावं.”

‘अकरा तरुण’ असं मी म्हणालो असतो तर जगात सरांशिवाय कुणालाही कळलं नसतं. तरी मी म्हणालो नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. खोटं सांगता येईल हे मला तेव्हा सुचलंच नाही, संध्याकाळी बसमध्ये सुचलं, आणि मग दोन थांबे पुढे गेलो तरी उतरायचं लक्षात आलं नाही. घरी पोचेपर्यंत पक्कं ठरलं होतं की सांगायचं नाही. दगडाला तोंड नाही, म्हणून त्याच्या नावावर आपण काहीही खपवावं हे बरं नाही.

पहिले दहा नीट मेले. मी चिठ्ठ्यांवर त्या काळी शक्य असलेली कारणं लिहून दिली होती. तिघं नदीच्या चिखलात रुतले, दोघांना स्वतःच्याच घोड्याने लाथ मारली, तिघं चेंगराचेंगरीत गेले, एकाच्या डोळ्यात बाण लागला, आणि एक उन्हाने गेला. उन्हाने जाणारा फार नाराज होता. “लढाईत गेलो होतो, ऊन लागलं, हे घरी कुठल्या तोंडाने सांगू?” तो विचारत होता. पण मेला झकास. दहा मनगटांना दहा फिती लागल्या.

मंगळवारी सव्वातीनला मामा नदीकाठच्या उतारावर उभा राहिला. समोर शत्रूचा भालाईत, मागेपुढे मिळून दोनशे एकोणनव्वद जिवंत माणसं, हात कुठे ठेवावेत या विचारात. नायक बाजूला, टोपासकट, फुगून. दिग्दर्शकाने हात वर केला. भालाईत ओरडत आला आणि त्याने भाला मामाच्या छातीवर हाणला.

भाला थांबला. रबराचं टोक अंगरख्यावर टेकून वाकलं आणि भालाईत स्वतःच मागे कलंडला.

“कट! अरे, जोरात!”

दुसऱ्या वेळी त्याने धावत येऊन हाणला. अंगरख्यातून थोडी धूळ उडाली. तिसऱ्या वेळी लाकडी टोकाचा भाला आणला. त्याचं टोक मोडलं. मामाला कुणी काही टोचलं असंही वाटलं नाही.

“हे काय शिवलंय?” दिग्दर्शक माझ्याकडे वळला.

“सात थर,” मी म्हणालो. “बरोबर आहे ते. यातून भाला जात नाही.”

“जात नाही? मग त्या काळी लोक मरायचे कसे?”

“म्हणून तर अकराच मेले.”

शिंपीकाका कुठूनतरी पुढे आले आणि कित्येक दिवसांनी माझ्याकडे बघून हसले.

“गळ्यात मार मग,” दिग्दर्शक फाइट मास्टरला म्हणाला.

“अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाच्या गळ्याशी मी लाकूड नेणार नाही. दुसरा मास्टर बघा.”

“मी नुसता पडतो ना,” मामा वरून ओरडला. “त्यात काय? पडतो मी.”

“पण कशाने मेलास ते दिसायला नको?”

“हृदयविकार,” मामा म्हणाला. त्याला सगळ्यांना मदत करायची होती.

शेवटी असं ठरलं की भाला लागेल, मामाला आश्चर्य वाटेल, आठवण येईल आणि तो पडेल. कशाने, ते संगीत सांगेल. चित्रगुप्तबाई लाल फीत हातात घेऊन तयार उभ्या राहिल्या. चौथा टेक.

भालाईत आला. भाला लागला. मामा दोन पावलं मागे सरला. त्याला आश्चर्य वाटलं. मग आठवण आली. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याच्या इतका जवळ होता की मिशीतला एकेक पांढरा केस दिसत होता. आता तो पडणार म्हणून नायक गुडघ्यावर बसून मांडी तयार ठेवून होता.

मामा पडला नाही.

तो उभा राहिला. त्याने आपल्या छातीकडे पाहिलं. भालाइताकडे पाहिलं. गुडघ्यावर बसलेल्या नायकाकडे पाहिलं, घरात कुणी परका कोपऱ्यात बसलेला दिसावा तसं. मग त्याने हातातली ढाल अलगद गवतावर ठेवली, वळला आणि चालायला लागला. उतारावरून वर, रांगेतून, रांगेच्याही मागे. कुणी कट म्हटलं नाही. टकलूने त्याला जवळून जाताना पाहिलं, मग आपल्या हातांकडे पाहिलं, भाला खाली टाकला आणि तोही निघाला. त्याच्यामागे दुसरा, मग दहा, मग सगळे. सकाळपासून उभे राहून त्यांचे पाय गेले होते आणि पहिल्यांदाच कुणीतरी काय करायचं ते दाखवत होतं. शत्रूचे सैनिकही निघाले, कारण चहाचा तंबू त्याच बाजूला होता. दोनशे नव्वद माणसं पाठ करून टेकाडावरून हळूहळू पलीकडे उतरली. उतारावर दहा जण पडून राहिले, आणि गुडघ्यावर बसलेला एक नायक.

“बाकीच्यांचं काय झालं म्हणून लिहिलंय तुझ्या दगडावर?” दिग्दर्शकाने विचारलं.

“घरी गेले.”

“काय?”

“शेवटची ओळ तीच आहे. ‘बाकीचे घरी गेले.’”

“मग हे आधी का नाही सांगितलंस, गाढवा?”

“विचारलं कुणी? सगळ्यांना मेलेलेच हवे होते.”

दिग्दर्शकाने गळ्यातला रुमाल काढून डोळे पुसले आणि हाच सिनेमाचा शेवट असं जाहीर केलं. चित्रगुप्तबाईंनी उरलेली फीत वहीत खूण म्हणून ठेवली. मी मामाला तंबूत गाठलं. तो उभ्यानेच चहा पीत होता, कारण त्या अंगरख्यात बसता येत नाही.

“मुद्दाम केलंस?”

“छे रे. पडायचं विसरलो.” त्याने फुंकर मारली. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा.”

दीड महिन्याने निर्मात्यांच्या ऑफिसातल्या छोट्या थेटरात आम्हाला कच्चा सिनेमा दाखवला. मामा, मामी, फौजदार, मी. पोरीने दहाच्या दहा जण मोजले. मग पडद्यावर मामाचा चेहरा आला, भिंतीएवढा. तिने खुर्चीचा दांडा धरला. भाला लागला. मामी डोळ्यांवर पदर घेणार इतक्यात पडद्यावरचा मामा वळून चालायला लागला.

“आता कुठे चालले हे?” फौजदारने विचारलं.

“घरी,” शेजारचा मामा म्हणाला.

“कुणाच्या?”

“आपल्या. दुसरं कुठे जाणार?”

ती टेकाड संपेपर्यंत बघत राहिली. दिवे लागले. तिने शेजारच्या मामाची मिशी ओढून पाहिली, मग त्याच्या छातीवर, भाला लागला होता तिथे, बोट दाबून पाहिलं.

“ए आजोबा,” ती म्हणाली, “लागलं का रे?”

उत्तर मामीने दिलं. तोपर्यंत पोरगी मांडीवर चढून बसली होती आणि मामाचे गुडघे करकरत होते, पण तो हलला नाही. आम्ही थेटर बंद करायला आलेल्या माणसाला दहा मिनिटं थांबायला सांगितलं.

गोष्ट इथे संपली असती. पण दुसऱ्या दिवशी दाखल्यावर सही करायला बोलावलं आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. दगडावर अकरा. पडद्यावर दहा.

“एकाने काय होतं?” दिग्दर्शक म्हणाला.

“तुम्ही पाचशे म्हणालात तेव्हाही असंच काहीतरी म्हणाला होतात.”

निर्मात्यांचे वकील तिथेच होते. चेनवाल्या सिनेमानंतर ते कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय सोडत नव्हते. “तंतोतंत म्हटलंय तर तंतोतंतच हवं,” ते म्हणाले. “अकरावा दाखवा.”

उपाय होता. कॉम्प्युटरवाल्यांनी सांगितलं की टेकाडावर जाण्याआधीच मामाला पाडता येईल, एका दुपारचं काम. दुसऱ्या कुणाला पाडा म्हटलं तर दिग्दर्शकाला मरणाला चेहरा हवा, आणि उरलेल्या जिवंतांपैकी जवळून काढलेला चेहरा एकट्या मामाचा, बाकी सगळे पाठमोरे आणि टोपातले. म्हणजे मी खोटी सही तरी करायची, नाहीतर घरी दहावे आजोबा तरी आणायचे. मी दोन दिवस मागून घेतले आणि शिलालेखांच्या सरकारी कार्यालयात गेलो.

तिथे एक कारकून काचेवर वर्तमानपत्र पसरून बसला होता.

“दगडावरचा मजकूर दुरुस्त करून मिळावा म्हणून अर्ज करता येतो का?” मी विचारलं.

“अर्ज कशासाठीही करता येतो.”

“निकाल कधी लागतो?”

“कशाचा?” त्याला खरंच कळलं नाही. “दगडासंबंधीचा सगळ्यात जुना अर्ज आहे ना आमच्याकडे, तो माझ्या आधीच्या माणसाच्या आधीच्या माणसाने घेतलाय. निकालाची घाई कुणाला असते? दगड कुठे पळून जातोय?”

मी तिथेच अर्ज दिला आणि पोचपावती घेऊन थेट वकिलांकडे गेलो. त्यांनी ती दोनदा वाचली, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले की अर्ज प्रलंबित आहे तोवर आकडा वादग्रस्त आहे, आणि वादग्रस्त आकड्याशी सिनेमा जुळत नाही असं कुणालाही म्हणता येणार नाही. दाखल्यात ‘तंतोतंत’ तसंच राहिलं. मृतांच्या संख्येपुढे मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘अर्ज प्रलंबित’, आणि सही केली. इतिहासात कधी इतक्या खात्रीने सही केली नव्हती. दर वर्षी मी अर्जाची एक प्रत नव्याने देतो, म्हणजे पहिला हरवल्याची सबब त्यांना काढता येऊ नये. कारकून शिक्का मारतो आणि विचारतो, मामा कसे आहेत? यंदाची प्रत अशी:

प्रति,
मा. अधीक्षक,
प्राचीन शिलालेख जतन कार्यालय.

विषय: नदीकाठच्या शिलालेखातील आठव्या ओळीत दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, सदर शिलालेखात लढाईतील मृतांची संख्या ‘अकरा’ अशी कोरलेली आहे. तथापि त्यांपैकी अकरावा इसम लढाईनंतर स्वतःच्या पायांनी घरी परतल्याचे तीनशे प्रत्यक्षदर्शी व एक कॅमेरा यांनी पाहिलेले आहे. कोरणाऱ्या कारागिराने मोजणीत घाई केली असावी, असे नम्रपणे वाटते. सदर इसम सध्या आपल्या नातीस रोज शाळेत पोचवतात व तशी नोंद शाळेच्या दारावरील वहीत आहे.

तरी आपल्या कार्यालयाने योग्य त्या छिन्नीने ‘अकरा’ हा शब्द खोडून त्या जागी ‘दहा’ असे त्याच काळातील वळणाच्या अक्षरात कोरून द्यावे, तशी सूचना मूळ कारागिरास अथवा त्याच्या वारसांस देण्यात यावी, आणि सदर दुरुस्ती प्रत्यक्ष होईपर्यंत माझे मामा यांना सर्व शासकीय, ऐतिहासिक व कौटुंबिक कामांसाठी जिवंत समजण्यात यावे, ही नम्र विनंती.